टेस्ट क्रमांक सात हजार चौदा

३ मार्च, सोमवार

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र परवा पोचलं. "भाऊजी, बोटं झिजलीत का?" असं विचारलंत ना? बोटं शाबूत आहेत, हा घ्या पुरावा. पोस्टात टपाल लावण्यात सतरा वर्षं घालवलेल्या बाईला मोबाइलवर दोन ओळी पाठवून भागत नाही, हे मी विसरलो होतो. चूक कबूल.

इकडे सगळं ठीक. हिची मान धरलीय, आठवडाभर सरळच बघते, त्यामुळे माझ्यावरची नजर जरा कमी झालीय. धाकटीचे पुढचे दोन दात पडले आणि ती आता "स" म्हणायची वेळ आली की गप्प बसते. तुम्ही पाठवलेलं लोणचं हिने कपाटात लपवून ठेवलंय, मला चमचाभर मिळतं.

आता माझी बढाई ऐका. आमच्या ऑफिसात माझ्या नावाने केक कापला. दादा म्हणतो ना, मी खुर्चीत बसून लिफ्ट चालवतो? तर त्या खुर्चीचा हा पराक्रम. तुम्हाला समजेल असं सांगतो. लिफ्टचा मेंदू म्हणजे ते जिन्याच्या वरच्या खोलीतलं कंट्रोलरचं खोकं. त्यातल्या सॉफ्टवेअरचा नकाशा आमच्या भिंतीवर आहे. नुसती वर्तुळं आणि बाण. लिफ्ट थांबलीय हे एक वर्तुळ, दार उघडं हे एक, वर चाललीय हे एक. एका वर्तुळातून दुसऱ्यात कसं जायचं तो बाण. या नकाशावरून मशीन आपोआप टेस्ट काढतं, या बाणाने जा, त्या बाणाने ये, मधे काही बिघडतंय का बघ. अशा टेस्ट किती झाल्या असतील? अडतीस हजार चारशे! सगळ्या चालवायला अकरा दिवस लागायचे. प्रोग्रामरने एक ओळ बदलली की पुन्हा अकरा दिवस. साहेबांचे डोळे पांढरे व्हायचे.

मग मी एक प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एकच, फुकटच्या टेस्ट काढून टाकायच्या. प्रत्येक वर्तुळाला एकदा हात लागला पाहिजे, प्रत्येक बाणावरून एकदा गेलं पाहिजे. तेवढं झालं की बाकीच्यांची गरज काय? तेच तेच बाण पुन्हा कशाला तुडवायचे? आणि जी टेस्ट ठेवायची तीही हवा तो बाण झाला की तिथेच संपवायची, पुढे लांबण लावायची नाही. शेवटी किती उरल्या सांगा. तीनशे बारा! एकही बाण सुटला नाही, वहिनी, शंभरातले शंभर. अकरा दिवसांचं काम सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत. नवीन सॉफ्टवेअर त्याच तीनशे बारावर पास होऊन जानेवारीत बाहेर पडलं. साहेब म्हणाले, या माणसाने आपलं वर्ष वाचवलं.

बरं, एक सहज विचारायचं होतं. दादा अजून दुरुस्तीला लिफ्टच्या छतावर चढला की लिफ्ट थांबवायचं ते लाल बटण दोनदा दाबतो का? आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी मी आठवडाभर त्याच्याबरोबर फिरलो होतो, वहीत सगळं टिपून घ्यायचो आणि तो मला हसायचा. बटण दाबायचं (की ते आत अडकतं, लिफ्ट थांबते), ओढून सोडायचं (की लिफ्ट मोकळी), पुन्हा दाबायचं. असं तो करायचा. अजून करतो का, एवढंच.

आणि त्याच्याकडच्या इमारतींत नवीन कंट्रोलर आलेत का? राखाडी खोकं, आत आमचं हेच नवीन सॉफ्टवेअर, पुढे छोटा हिरवा पडदा. जुनं खोकं काळं होतं. दादाला कशासाठी ते सांगू नका, उगाच चिडवेल मला. एक किरकोळ तक्रार आलीय लांबच्या कुठल्या तरी इमारतीतून, तीही मेकॅनिकच्याच चुकीची, पण मी आपलं खात्री करून घेतोय.

घाई नाही. म्हणजे लवकर कळवलंत तर बरं.

तुमचा लाडका (हे तुम्हीच म्हणता),
धाकटा


१२ मार्च, बुधवार

वहिनी,

काल फोनवर मी नीट बोललो नाही. "दादाला सांगा, बटण एकदाच दाब" एवढंच म्हणालो, तुम्ही "का?" विचारलंत आणि मी फोन ठेवून दिला. तुम्ही परत केलात तो उचलला नाही. रागावला असाल. रागवा, पण आधी हे वाचा, आणि वाचून झालं की फाडून टाका.

तुमचं उत्तर सोमवारी आलं. दादा अजून दोनदाच दाबतो, वर "पैलवानालाही मीच शिकवलंय" असं म्हणाला, हे वाचून मी आधी हसलो. पैलवान! एवढ्याशा काडीसारख्या माणसाला हे नाव दादाच ठेवू जाणे. पंधरा वर्षं दोघं एका जोडीत काम करतात, एक छतावर, एक खाली दाराशी, दर दिवशी आळीपाळीने. मग पुढची ओळ वाचली. सतरा तारखेपासून त्यांच्या इमारतींत राखाडी खोकी बसणार आहेत.

त्या किरकोळ तक्रारीचं आधी सांगतो. मेकॅनिक लिफ्टच्या छतावर उभा होता, बटण दाबलेलं होतं, लाल दिवा लागलेला होता, आणि तरी लिफ्ट वर निघाली. दोन मजले. तो भिंतीकडच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला म्हणून वाचला. बाही फाटली, खांदा सोलला. आमच्या ऑफिसने नोंद बघितली, त्याने बटण दोनदा दाबलं होतं. माहितीपुस्तकात लिहिलंय एकदाच दाबा. झालं, तक्रार बंद. मला मात्र ते "दोनदा" दिसलं आणि मी तुम्हाला ते मागचं पत्र लिहायला बसलो.

वहिनी, त्या आठवड्यात दादाबरोबर फिरून आल्यावर मी एक टेस्ट हाताने लिहिली होती. मशीनने काढलेली नव्हे, माझी स्वतःची. क्रमांक सात हजार चौदा. लाल बटण दाबा, सोडा, पुन्हा दाबा, मग एक मिनिट थांबा आणि लिफ्ट हलते का बघा. आमच्याकडे हाताने लिहिलेल्या टेस्टपुढे कारण लिहावं लागतं. मी लिहिलं होतं, "माझा दादा असंच करतो. म्हणतो, ज्या बटणावर जीव टाकायचा ते चालतंय हे आधी कानाने ऐकून घ्यावं. मग तो मिनिटभर तसाच उभा राहून शाफ्ट, म्हणजे लिफ्टची विहीर, न्याहाळतो." दादाला दाखवलं तेव्हा तो किती खूश झाला होता! चार लोकांना सांगत सुटला, माझी सवय कंप्युटरात गेली म्हणून.

अशा हाताने लिहिलेल्या शहाऐंशी टेस्ट होत्या. नियम असा, की त्या काढायच्या तर प्रत्येकीपुढचं कारण माणसाने वाचायचं आणि मग सही करायची. माझ्या प्रोग्रामने सांगितलं, यांतले सगळे बाण दुसऱ्या टेस्टमध्ये आलेत. ते खरंच होतं. मी यादीच्या डोक्यावर एक खूण केली, ती खालपर्यंत सगळ्यांना लागली, आणि सही केली. शहाऐंशीतलं एकही कारण वाचलं नाही. माझं स्वतःचं लिहिलेलंसुद्धा नाही.

काल सकाळी ती टेस्ट जुन्या कपाटातून काढावी तशी काढली आणि नवीन कंट्रोलरवर चालवली. आमच्याकडे हॉलमध्ये एक खरी लिफ्ट आहे, तीन मजल्यांची, फक्त प्रयोगाला. बटण दाबलं, थांबली. सोडलं. सोडल्यावर लिफ्ट लगेच निघत नाही, माणसाला बाजूला व्हायला चाळीस सेकंद देते, आतल्या आत उलटी मोजणी सुरू होते. मी पुन्हा दाबलं. लाल दिवा लागला. आता मोजणी बंद पडायला हवी. नवीन सॉफ्टवेअरमध्ये पडत नाही. दिवा लाल, लिफ्ट गप्प, सगळं ठाकठीक, आणि आत आकडा उतरतोय. मी घड्याळाकडे बघत उभा होतो. चाळिसाव्या सेकंदाला ती निघाली. दिवा लालच होता.

माझ्या तीनशे बारांत हा बाण आहे, वहिनी. एक टेस्ट बरोबर तिथपर्यंत जाते. दाबा, सोडा, दाबा, दिवा लाल झाला, पास, संपली. पुढे काय होतं ते बघायला ती थांबतच नाही, कारण मी तिला थांबू दिलं नाही. म्हटलं ना, लांबण लावायची नाही.

साहेबांना लगेच सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाले, सहा आठवडे लागतील. मी म्हटलं, तोवर सगळ्या मेकॅनिकना कळवू. ते म्हणाले, "कळवायचं म्हणजे सगळीकडच्या लिफ्ट बंद ठेवायच्या. कुणाच्या सहीने ती टेस्ट निघाली, हे पहिलं विचारतील. आणि पुस्तकात एकदाच दाबा लिहिलंय ना? मग?" आवाज चढवला नाही त्यांनी. मला पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो. याच्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा.

तर तुम्ही फक्त दादाला अडवा. कारण सांगू नका. त्याला कारण कळलं तर तो गावभर बोंब मारेल, तुम्हाला माहीत आहे तो कसा आहे, आणि सगळं माझ्या अंगावर शेकेल. घराचे हप्ते नाहीत काही, पण नोकरी गेली तर या धंद्यात मला पुन्हा कोण उभं करणार? तुमच्या शब्दाबाहेर तो नाही. शपथ घाला, रुसा, जेवण बंद करा, काहीही करा. सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे. फक्त दादाला. बाहेर कुठे बोलू नका.

तुम्ही बोलणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तर तुम्हाला लिहितोय.

धाकटा


४ एप्रिल, शुक्रवार

दादा,

तुला मी आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय. आजवर सगळी पत्रं वहिनींना लिहिली आणि शेवटी "दादाला नमस्कार सांगा" म्हटलं. हे उद्या कुरिअरने पोचेल; तुझ्या हातात देण्याआधी वहिनींनी माझं बारा मार्चचं पत्र तुला दिलेलं असेल. मी फाडा म्हटलं होतं, त्यांनी फाडलं नाही. ते आधी वाच.

वहिनींना काही बोलू नकोस. मंगळवारी त्यांची एक ओळ आली, "मी त्यांना सांगू, की तुम्ही सांगता?" खाली सहीसुद्धा नव्हती. गेले तीन आठवडे त्या माझा शब्द पाळून तुझ्यासमोर जेवायला बसत होत्या. त्यांना शब्दात मी अडकवलं. दोष द्यायचा तर माणूस मी आहे.

पैलवानाच्या घरी मी गेलो होतो. तुला कुणी सांगितलं नसेल. सत्तावीस तारखेला फोन आला तेव्हा मला आधी वाटलं तूच. "दादा नाही, पैलवान" असं कळलं आणि मी श्वास सोडला. तेवढा एक श्वास मी सुटल्यासारखा सोडला, दादा. हे तुला सांगायलाच हवं. तिसऱ्या दिवशी गेलो. त्याची बायको दारात होती, मला ओळखत नव्हती. मी म्हटलं, तुमच्या यजमानांच्या जोडीदाराचा भाऊ. तिने मला आत बसवलं आणि म्हणाली, तुमच्या दादांना सांगा, एकटे एकटे राहू नका. मी "हो" म्हणालो आणि उठून आलो. बोलायला गेलो होतो ते तोंडातून निघालंच नाही.

तुझा जबाब मी वाचला. आमच्या ऑफिसात त्याची प्रत आलीय, साहेबांच्या टेबलावर. तू सांगितलंयस, की त्या दिवशी वर जायची पाळी पैलवानाची होती. आदल्या दिवशी तू वर असताना त्याने खालून तुला विचारलं होतं, "काय रे, हल्ली बटण एकदाच?" आणि तू म्हणालास, "बायकोने शपथ घातलीय." दोघं हसलात. दुसऱ्या दिवशी तो वर चढला आणि पंधरा वर्षं करत आला तसं त्याने दोनदा दाबलं. खाली तुला टक् टक् ऐकू आलं. तू लिहिलंयस, "मला वाटलं, छान, झालं बंद." मग तो टॉर्च लावून वर तुळईजवळ वाकला.

पुढचं मी लिहीत नाही. तू तिथे होतास.

जबाबाच्या शेवटी तू म्हटलंयस, "ही सवय त्याला मी लावली. पुस्तकात नाही ते मी शिकवलं. माझ्यामुळे गेला." आमच्या साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलीय. दादा, चौकशीत ते तुझ्यावर ढकलणार आहेत. मेकॅनिकने चुकीची पद्धत शिकवली, सहकाऱ्याने ती वापरली, कंट्रोलर निर्दोष, असं टिपण तयार आहे. तुझा परवाना जाईल, खटलाही होईल. आणि तू मान खाली घालून सगळं कबूल करशील, कारण तुला ते खरंच वाटतंय. वहिनी म्हणतात, तू दिवसभर हात धूत बसतोस.

तर नीट ऐक. तुझी सवय चुकीची नव्हती. बटण चालतंय का हे बघून मगच त्याच्यावर विश्वास टाकणं, यात काय चूक? बटण दाबलेलं असताना लिफ्ट हलता कामा नये. एकदा दाबा, दोनदा दाबा, शंभरदा दाबा. पुस्तकात ते "एकदाच" कुणी कधीतरी बटण झिजू नये म्हणून लिहून ठेवलंय, जिवाशी त्याचा संबंध नाही. तू शिकवलंस ते बरोबर होतं. ते बरोबर चालतं की नाही हे तपासायची टेस्ट होती, ती मी काढून टाकली. काढून टाकली हे मला अकरा मार्चला कळलं. पैलवान सत्तावीसला गेला. मधे सोळा दिवस. सोळा दिवस मी रोज ऑफिसला गेलो, डबा खाल्ला, धाकटीला दातांवरून चिडवलं. मला माहीत होतं की ही खोकी जिथे जिथे लागतील तिथल्या प्रत्येक छतावर कुणीतरी उभं राहणार आहे. त्या सगळ्यांतून मी एकट्याला निवडलं आणि बाकीचे सोडून दिले. तुझ्या शेजारी कोण उभं असतं हे मला ठाऊक होतं, मी त्याच्या हातचा चहा प्यायलोय. तरीही मी "फक्त दादाला" असं लिहिलं.

तुला तरी सांगायला हवं होतं रे. कारण कळलं असतं तर तू बोंब मारली असतीस, आणि ती पैलवानाच्या कानावर पहिली गेली असती. तुझी बोंब मला नको होती.

आज सकाळी चौकशी अधिकाऱ्याकडे मी सगळं दिलंय. सात हजार चौदा, तिच्यापुढचं कारण, माझी सही असलेली यादी, अकरा मार्चची हॉलमधली नोंद, आणि साहेबांशी झालेलं बोलणं जसं आठवलं तसं. नवीन खोकी लागलेल्या सगळ्या इमारतींची यादीही दिली. कालपासून त्या लिफ्ट बंद ठेवायला सुरुवात झालीय, कारण काल मी एकेका ठिकाणी स्वतः फोन केले. एकशे चाळीस फोन. प्रत्येकाला तीन मिनिटंही लागली नाहीत, दादा. एवढंच काम होतं. एका दिवसाचं.

साहेबांनी मला घरी पाठवलंय. हिला काल सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना किती मुलं?" दोन आहेत, मी म्हणालो.

तू म्हणशील घरी येऊ नकोस, तर येणार नाही. न म्हणालास तरी येणार नाही. माफी मागायची ती तुझ्याआधी दुसऱ्या एका दारात मागायचीय, आणि या खेपेला मी न बोलता परतणार नाही. उद्या जातोय.

सोमवारी साडेदहाला चौकशी आहे. तुला आधी बोलावतील. "माझ्यामुळे गेला" हे वाक्य पुन्हा म्हणू नकोस. ते माझं आहे, मला म्हणू दे.

तुझ्यानंतर ज्याचं नाव पुकारतील तो,
धाकटा